हौदाचा रंग आणि छोटा डबा

मागच्या मे महिन्यात माझी आई आमच्या घरच्या पोहण्याच्या हौदात पाऊण तास अडकून पडली होती. हौदात पाण्याचा थेंब नव्हता.

ऐकणारा इथं हमखास विचारतो, की मग अडकली कशी? त्याचं उत्तर ‘भास्करमुळे’ असं एका शब्दात देता येतं, आणि आमच्या घरात ते तसंच दिलं जातं. भास्कर म्हणजे मी. पण एका शब्दात माझ्या बाजूचं काहीच येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. (सविस्तर सांगितल्यावरही माझी बाजू फारशी सुधारत नाही, हे आधीच कबूल करतो.)

परतूरमध्ये माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. घर मात्र गावाबाहेर, मोसंबीच्या मळ्यात. तिथं ठिबकच्या पाण्यासाठी वडिलांनी सिमेंटचा एक हौद बांधून ठेवलेला होता. पंचवीस फूट लांब, बारा फूट रुंद आणि माणसाच्या छातीइतका खोल. पुढं शेततळं झालं आणि हौद रिकामा पडला. त्यात नुसता पाला साचायचा.

तो पुन्हा कामाला आला तो आईच्या गुडघ्यांमुळे. आई सत्तरीच्या पुढची. जालन्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलावे लागतील म्हणून सांगितलं, तेव्हा तिनं त्यांना शांतपणे ऐकवलं, की हे गुडघे देवानं दिलेत, तर मी ते त्याच्याचकडं परत नेऊन देणार. डॉक्टर माणूस समजूतदार. ते म्हणाले, मग रोज कमरेइतक्या पाण्यात अर्धा तास चालत जा, बघू काय फरक पडतो. मी हौदाला पायऱ्या करून घेतल्या, धरायला लोखंडी पाइप बसवला आणि आईला पाण्यात उतरवलं.

पाण्यात ती वेगळीच बाई होती. घरात भिंत धरून चालणारी आई तिथं दोन्ही हात मोकळे सोडून फेऱ्या मारायची आणि चालता चालता काठावरच्या आम्हा सगळ्यांना कामं सांगायची. दोन महिन्यांत ती काठी विसरायला लागली. आपल्याकडं मे महिन्यात घरी पोहण्याचा हौद आहे हे सांगताना माणसाला आवाज खाली घ्यावा लागतो, म्हणून लगेच सांगून टाकतो, की आमचं पाणी वाया जात नव्हतं. दर आठ दिवसांनी ते मोसंबीला सोडायचो. आईच्या व्यायामावर झाडं चांगली वाढत होती.

अडचण होती ती हौदाच्या रंगाची. मी हौसेनं त्याला साधा ऑइल पेंट दिला होता. सहा महिन्यांत त्याचे पापुद्रे निघायला लागले. आई पाण्यातून बाहेर आली, की तिच्या लुगड्याला निळे टवके चिकटलेले असायचे, आणि उघड्या पडलेल्या सिमेंटावर शेवाळ धरायचं. एके दिवशी तिचा पाय घसरला. पाइप हातात होता म्हणून निभावलं, पण त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मी जालन्याला गेलो आणि इपॉक्सी रंग घेऊन आलो.

इपॉक्सी म्हणजे दोन डब्यांचं प्रकरण. मोठ्या डब्यात रंग, छोट्या डब्यात तो घट्ट करणारं औषध. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात कालवायचे, मगच रंग लावायचा. दुकानदारानं मला सगळं नीट समजावून सांगितलं. थोडं थोडं कालवा, सकाळी उन्हाच्या आत लावा, कालवलेलं जास्त वेळ ठेवू नका, आणि रंग दिल्यावर सात दिवस पाणी भरू नका. मी मान डोलवत होतो. ही मान मला ओळखीची होती. औषधाचं प्रमाण सांगताना माझ्या दुकानातले शेतकरी अशीच डोलवतात, आणि घरी जाऊन झाकणानं मोजायचं ते बादलीनं ओततात. त्यावर मी त्यांना वर्षानुवर्षं व्याख्यानं देत आलो आहे.

आमच्या शेजारच्या मळ्यात रशीदभाई राहतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांच्या पाट्या, लोखंडी गेटं, सगळं रंगवतात. गाडीतून डबे उतरवताना त्यांनी बघितलं आणि बांधावरूनच विचारलं, “भाऊ, मी येऊ का? दोन डब्यांचं काम हाय. मे महिन्यात लई जल्दी आवळून येतं ते.” मी म्हणालो, रशीदभाई, भिंतीला रंग फासायला काय लागतंय. ते हसले आणि बरं म्हणून गेले. तेव्हाच त्यांना हाताला धरून आणलं असतं, तर ही हकिगत इथंच संपली असती आणि आईचे पाय ज्या रंगाचे होते त्याच रंगाचे राहिले असते.

हौद घासायचं, धुवायचं आणि वाळवायचं काम मी फार चांगलं केलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं स्वतःबद्दल चांगलं सांगायची संधी नाही. आईला सांगितलं, दहा दिवस थांब, मग बघ.

माझ्याकडं रंगाच्या दोन जोड्या होत्या. दोन मोठे डबे, दोन छोटे. पहिल्या दिवशी हौदात उतरायला अकरा वाजले. थोडं थोडं कालवत बसण्यात वेळ जाईल असा विचार करून मी पहिली सगळी जोडी एकदम बादलीत ओतली आणि काठीनं ढवळली. एक लहानशी भिंत रंगवून होते न होते तोच फोन आला. गिऱ्हाईक कपाशीच्या बियाण्याबद्दल विचारत होतं. मी सावलीत उभा राहून त्याला प्रमाणाचं महत्त्व समजावून सांगितलं. वीसेक मिनिटं गेली असतील. परत आलो तर बादलीतून वाफ निघत होती.

बादलीला हात लावला तर चटका बसला. रोलर उचलायला गेलो तर रोलरबरोबर अख्खी बादली वर आली. काठी उभीच्या उभी. आतला रंग दगड झाला होता. माझी बायको सुनंदा जेवायला बोलवायला आली होती. तिनं बादलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थंड होतेय एवढंच म्हणाली. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर बायका काय बोलत नाहीत याकडं जास्त लक्ष द्यावं लागतं.

जेवताना मी विचार केला आणि गुन्हेगार सापडला. मोठ्या डब्यातला रंग तर चांगला होता. दगड झाला तो छोट्या डब्यातल्या औषधामुळं. आता आमच्या धंद्यात स्टिकर नावाची एक बाटली असते. फवारणीच्या औषधात ती घातली, की औषध पानाला चिकटून राहतं. मी ती प्रत्येकाला आवर्जून देतो, पण ती न घालताही लोक फवारणी करतात आणि पिकं येतात, हे मला पक्कं माहीत आहे. छोटा डबा म्हणजे त्यातलाच प्रकार असणार. रंग लवकर वाळावा म्हणून थंड मुलखातल्या लोकांसाठी काढलेली सोय. परतूरच्या उन्हात विटा भाजून निघतात, तिथं रंगाला वाळायला औषध कशाला?

दुसऱ्या दिवशी मी नुसत्या मोठ्या डब्यातला रंग काढला आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या तीन भिंती आणि तळ रंगवून टाकला. काय लागत होता तो! लोण्यासारखा. ना घट्ट होत होता, ना गरम. हौद असा निळा चकाकायला लागला, की मोसंबीवरचे पक्षी दोनदा फसून खाली आले. मी फोटो काढून सगळ्या पाहुण्यांना पाठवले. सुनंदानं फक्त एक विचारलं, की हा छोटा डबा अजून भरलेलाच कसा दिसून राह्यला? मी म्हणालो, ज्यांना घाई असते त्यांच्यासाठी असतो तो.

सातव्या दिवशी मी तळाला बोट लावलं. बोट चिकटलं. मनाशी म्हटलं, एखादा दिवस जास्त लागणारच. आठव्या दिवशीही बोट चिकटलं. नवव्या दिवशी तर ते सोडवताना कातडी ओढल्यासारखी वाटली. चकाकी मात्र तशीच. आई रोज सकाळी पायरीशी येऊन विचारायची, वाळला का रे? आणि मी रोज सांगायचो, उद्या. बोलायला सोपा शब्द. पण आई पुन्हा भिंत धरून चालायला लागली होती, ते मला दिसत होतं. कोपऱ्यातली काठीही बाहेर आली होती. रशीदभाईंना विचारायला माझे पाय वळत नव्हते. बांधाकडं ते दिसले, की मी मोसंबीच्या झाडाआड काहीतरी बघायला लागायचो. चार दिवसांत त्या एका झाडाची इतकी पाहणी केली, की त्याचं पान न् पान मला पाठ झालं.

अकराव्या दिवशी दुपारी वावटळ आली. शेजारी गव्हाच्या भुशाचा ढीग होता. तो गोल फिरत उठला, आमच्या हौदावर आला आणि तिथंच बसला. वावटळ पुढं गेली, भुसा राहिला. तळाला, भिंतींना, पायऱ्यांना, पहिल्या दिवशीची लहान भिंत सोडून सगळीकडं बोटभर सोनेरी लव उगवली. मी झाडून बघितलं. केरसुणी चिकटली. सुनंदा काठावर येऊन उभी राहिली. तिला काही बोलायला लागू नये म्हणून मीच म्हणालो, की एका अर्थी बरंच झालं, आता घसरायची भीती नाही.

आणि बाराव्या दिवशी सकाळी आई हौदात उतरली.

मी दुकानात निघायच्या तयारीत होतो. हाक ऐकू आली, पण ती नेहमीच्या दिशेनं आली नाही. खालून आली. धावत गेलो तर आई हौदाच्या मधोमध भुशात बसलेली. पायरीपाशी तिच्या दोन्ही चपला एकापुढं एक अशा उभ्या, जणू त्यांतून कुणी चालता चालता उडून गेलंय. चपला निघेनात म्हणून ती अनवाणी पुढं गेली, मग पाय निघेनात म्हणून खाली बसली, आणि बसल्यावर लुगडंही निघेना.

अशा वेळी शहाण्या माणसानं काठावर थांबून विचार करावा. मी उडी मारली. दोन पावलं बुटांसह गेलो, तिसरं पाऊल मोज्यावर टाकलं आणि चौथ्याला गुडघ्यांवर आलो. तिथून आई हातभर लांब होती. तिला उठवायला मी एक हात टेकला. मग तो हात सोडवायला दुसरा टेकला. आता मी आईसमोर चार पायांवर होतो आणि आई माझ्याकडं लहानपणी बघायची तशी बघत होती.

“लागलं का तुला?” मी विचारलं.

“न्हाई. बसलेय आरामात,” ती म्हणाली. गुडघ्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाली, “रोज उद्या उद्या करून राह्यलास. मंग म्हणलं आपणच बघावं. पाय ऐकंना गेलेत रे माझे. पाण्यात असलं की वाटतं, अजून चालीन मी. भाईर आलं की भ्या वाटतंय.”

आई घाबरते हे मला तोवर माहीत नव्हतं. डॉक्टरांना तिनं दिलेलं उत्तर मी चार ठिकाणी हसत सांगितलं होतं. ते उत्तर भीतीचं होतं, हे त्या भुशात गुडघ्यांवर बसून माझ्या लक्षात आलं. मला फार वाईट वाटलं. डोळे पुसावेत असंही वाटलं, पण दोन्ही हात तळाला होते.

मी म्हणालो, “आई, एक सांगतो. त्यात दुसऱ्या डब्यातलं औषध टाकायचं राहिलं.”

“राहिलं, का टाकलं न्हाईस?”

“टाकलं न्हाई.”

“मंग वाळणार कधी?”

“बहुतेक कधीच न्हाई.”

आईनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिचे खांदे हलायला लागले, आणि मी घाबरून बघतो तर ती हसत होती. तोंडाला पदर लावायला गेली तर पदरही खाली चिकटलेला. त्यानं तिला आणखी हसू आलं. माझ्या पाठीवर एक थाप मारून म्हणाली, “बापावर गेलास. ते बी असंच सगळं येतंय म्हणायचे.”

आम्हाला बाहेर काढलं सुनंदानं. आरडाओरडा नाही की काही नाही. तिनं आधी रशीदभाईंना फोन केला (हे काम माझ्याकडून बारा दिवसांत झालं नव्हतं, तिला अर्धं मिनिट लागलं), मग गोदामातून रिकामी पोती आणली आणि पायऱ्यांपासून आईपर्यंत एकापुढं एक टाकत रस्ताच केला. त्या रस्त्यावरून ती आणि रशीदभाईंच्या बायको शबानाभाभी अशा दोघी चालत आल्या, लुगड्याचा चिकटलेला काठ कात्रीनं कापला आणि आईला दोन्हीकडून धरून उचललं. मला कुणी उचललं नाही. मी माझा माझा सोलत निघालो. पँटचे गुडघे तिथंच राहिले.

रशीदभाई काठावर बसून सगळं बघत होते. हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी एवढंच विचारलं, की छोटा डबा कुठं हाय? मी आणून दिला. सील न फोडलेला डबा त्यांनी कानाशी हलवून बघितला, तळाकडं नजर टाकली आणि म्हणाले, “रंग बिलकुल बराबर हाय, भाऊ. तो अजून याची वाट बघून राह्यला.”

आईच्या पायांना गोडं तेल चोळलं, डाळीचं पीठ लावलं, साबणानं धुतले. वरचा रंग गेला, पण तळव्यांच्या भेगांत जो निळा बसला तो बसलाच. त्याच आठवड्यात तिला जांब समर्थला रामाच्या दर्शनाला जायचं होतं. मी म्हणालो, पाय साफ झाल्यावर जाऊ. ती म्हणाली, देवानं याच्यापेक्षा वाईट पाय बघितलेत. मंदिरात ती पाय पुढं करून भिंतीला टेकून बसली. एक बाई लांबून बराच वेळ त्या निळ्या तळव्यांकडं बघत होती. मग ती जवळ आली, काही न विचारता आईच्या पावलांवर डोकं ठेवलं आणि हात जोडून उभी राहिली. मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘सुखी राहा’ म्हटलं सुद्धा. परतताना गाडीत मी विचारलं, तिला रंगाचं सांगितलं का नाही? आई म्हणाली, तिनं कुठं विचारलं?

हौद खरवडायला रशीदभाईंना चार दिवस लागले. भुसा, केरसुणी, पोत्यांचे धागे, माझ्या पँटचे गुडघे, सगळं थराथरानं निघालं. मग नवीन जोड्या आणल्या. रशीदभाई दिवस उगवायच्या आत यायचे, वाटीनं मोजून थोडंसं कालवायचे आणि ऊन चढायच्या आत हात धुऊन मोकळे. मलाही त्यांनी काम दिलं. घड्याळ घेऊन काठावर बसायचं आणि पंधरा मिनिटं झाली की हाक मारायची. मध्ये एकदा उत्साहानं मी ब्रश उचलला, तर सुनंदानं आतून ‘अहो’ म्हणून हाक मारली. तिनं कसं बघितलं ते मला अजून कळलेलं नाही.

सात दिवसांनी रशीदभाईंनी तळावर टाच आपटून दाखवली. टणक. आठव्या दिवशी पाणी भरलं. आई पाइप धरून उतरली, दोन पावलं टाकली आणि पाइप सोडून दिला. पहिली फेरी ती काही बोलली नाही. दुसऱ्या फेरीला तिनं मला अंगणातला कचरा उचलायला सांगितलं, तेव्हा जिवात जीव आला.

ही हकिगत परतूरभर झाली, आणि मला वाटलं होतं तसं तोंड लपवायची वेळ मात्र आली नाही. उलट माझा सल्ला घ्यायला लोक येतात. हल्ली मळ्यांत, लग्नाच्या लॉनवर असे हौद बरेच झालेत. रंग द्यायचा असला, की मालक आधी मला फोन करतो. मी काय काय केलं ते पहिल्यापासून विचारतो, बारीकसारीक सगळं लिहून घेतो, आणि त्यातलं एकही करत नाही. आजवर एकाचाही हौद बिघडलेला नाही.